कारण: विक्रेत्याची चूक

बटणकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. टपाल कचेरीतली खिडकीमागची बाईसुद्धा पाकिटांचा गठ्ठा दिसला की मान वर न करता म्हणायची, "या बटणकाका." त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. माणूस जन्मभर एकच गोष्ट विकत राहिला की ती गोष्टच त्याचं आडनाव होते, त्याला कोण काय करणार?

वडिलांचं दुकान होतं बटणांचं, शिंप्यांच्या गल्लीत. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. आत एक गिऱ्हाईक उभं असलं की दुसऱ्याने पायरीवर थांबायचं. पण भिंती छतापर्यंत खोक्यांनी भरलेल्या आणि प्रत्येक खोक्याच्या तोंडावर आतलं एक बटण नमुना म्हणून शिवलेलं. शिंगाची, शिंपल्याची, लाकडाची, पितळेची, दोन भोकांची, चार भोकांची, मागे कडी असलेली. शिंपी कापडाचा तुकडा घेऊन यायचे, काका तो तुकडा खोक्यांवरून फिरवायचे आणि बरोबर जागी थांबायचे. मग तयार कपड्यांचे दिवस आले. शिंपी एकेक करून गल्ली सोडून गेले, आणि ज्या गल्लीत शिंपी नाहीत तिथे बटणवाल्याने काय माश्या मारायच्या? दुकान गेलं, खोकी घरी आली.

घर दोन खोल्यांचं. आतली खोली खोक्यांनी भरली, बाहेरच्या खोलीत पलंग, टेबल, शेगडी आणि दोन माणसं. मुलगी परगावी, तिचा संसार तिच्या डोक्यावर. ती आठवड्याला फोन करते आणि दोघं तिला सगळं ठीक असल्याचं सांगतात. त्याच मुलीने जाता जाता काकांना ती साइट दाखवली होती, जिथे जगातलं कुणीही कुणालाही काहीही विकतं. काकांना आधी हसू आलं. एक बटण कोण मागवणार? पण लोकांची बटणं हरवतात हो. चांगला कोट असतो, एकच बटण गेलेलं असतं, आणि सगळी बदलायला जीव होत नाही. अशी माणसं कोटाचा फोटो पाठवायची आणि विचारायची, असं बटण आहे का? काकांकडे असायचं. वर्षं गेली तसं त्या साइटवर काकांच्या दुकानाचं बरं नाव झालं.

आणि मग काकूंना झटका आला.

उजवा हात लुळा पडला तो पडलाच, वर शब्दांचाही घोळ झाला. पंखा म्हणायचं असलं की तोंडातून चमचा यायचं, आणि आपण चुकलो हे त्यांना कळायचं, हे सगळ्यात वाईट. मग त्यांनी बोलणंच टाकलं. व्यायाम शिकवणारी बाई रबरी चेंडू देऊन गेली, तो काकूंनी भिंतीवर मारला आणि पुन्हा हातात घेतला नाही. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं, इतकंच. काकांच्या अक्षरशः नाकी नऊ आले. विनवून झालं, रागावून झालं, एकदा तर तिच्यासमोर बसून रडूनही झालं.

एके दिवशी काका टेबलाशी दोन तपकिरी बटणं घेऊन बसले होते. समोर कोणाच्या तरी स्वेटरचा फोटो. हे की ते, काही ठरेना. तेवढ्यात मागून आवाज आला, "हे नाही. ते."

काकांनी वळून पाहिलं. काकू कोपरावर उठल्या होत्या आणि डाव्या हाताचं बोट रोखून दाखवत होत्या. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडून न अडखळता काहीतरी आलं होतं. शब्द सांडले होते, पण रंग जसेच्या तसे होते. खरं तर काकांपेक्षा काकूंची नजर पहिल्यापासून पक्की. दुकानाच्या दिवसांत खोक्यांवर नमुन्याची बटणं त्यांनीच शिवली होती. तेव्हापासून काम ठरलं. ऑर्डर आली की काका फोटो छापून आणायचे, काकू खिडकीपाशी पांढरी ताटली घेऊन बसायच्या, काका खोकी काढून द्यायचे, काकू डाव्या हाताने निवडायच्या. ऑर्डर आली की त्या उठत. वेणी घालून मागत. जेवत. टोमणेही मारत, तोडकेमोडके का होईना. आणि लागोपाठ चार दिवस काही आलं नाही की पुन्हा भिंतीकडे तोंड. म्हणजे बघा, त्या साइटवरून पोटापाण्याचं काय ते सुटत होतंच, पण काकांना खरी धास्ती होती ती दुसरीच. दुकान चालू तोवर बायको उठती-बसती राहणार, हे त्यांना पुरतं कळून चुकलं होतं.

आता मूळ गोष्ट.

साइटवाल्यांना मधूनमधून काहीतरी बदलायची हुक्की येते. चालतंय ते बरं चाललंय, तर ते बदला. असंच त्यांनी टपालखर्चाचं पान बदललं. आधी एका पाकिटाचा एक खर्च लागायचा. नव्या पानावर एक बारीकशी चौकट आली, सगळ्या वस्तू एकाच पाकिटात जात असतील तर खूण करा. काकांनी ते पान भरलं, चष्मा पुसून दोनदा वाचलं, आणि ती चौकट तेवढी त्यांच्या नजरेतून सुटली. झालं. तेव्हापासून कुणी तीन तऱ्हेची बटणं मागवली की साइट त्याच्याकडून तीनदा टपालखर्च घ्यायची. पाकीट मात्र एकच जायचं.

हे कळलं ते एका बाईंच्या निरोपामुळे. त्या नाटकांचे कपडे शिवायच्या. त्यांनी पाच प्रकारची बटणं मागवली होती. बटणं सुरेख आहेत, रंग तंतोतंत जुळले, असं आधी लिहून मग त्यांनी अगदी अदबीने विचारलं होतं, की पाकीट एकच आलं आणि खर्च पाच वेळा लागला, तर आपल्याकडे असाच नियम आहे का? तक्रार नाही, पुढच्या वेळी हिशेब धरता यावा म्हणून विचारते.

काकांनी टपालखर्चाचं पान उघडलं, तेव्हा ती चौकट दिसली, आणि आधी तिथे खूण केली. त्यांनी मागच्या ऑर्डरी उघडल्या. एकाहून जास्त प्रकार घेणारे कितीतरी निघाले. रक्कम कुणाचीच मोठी नव्हती. कुणाच्या दोन चहांची, कुणाच्या चार. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. पण वडिलांच्या दुकानाची एक रीत होती. गिऱ्हाईक सुटे पैसे विसरून गेलं, तर शटर ओढायच्या आत ते त्याच्या हातात पडलेच पाहिजेत. लहानपणी काका त्यापायी गल्लीभर धावलेले, एकदा तर बसच्या थांब्यापर्यंत. दुसऱ्याचा पैसा दुकानात रात्री राहायचा नाही, म्हणजे नाही. आणि इथे तर कित्येक महिने तो घरात मुक्कामाला होता.

त्यांनी काकूंना सांगितलं. सगळं नीट, सावकाश. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आपलं नाही ते. देऊन टाका. आजच."

एकापाठोपाठ तीन वाक्यं, एकाही शब्दाची अदलाबदल नाही. काकांना भलताच आनंद झाला. चूक राहिली बाजूला, ते तिच्या "आजच"वरच खूश.

पण परत द्यायचं कसं, हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणून ते खाली कव्हरवाल्याकडे गेले. हा तळमजल्यावर जिन्याशेजारच्या खोलीत मोबाइलची कव्हरं विकतो, त्याच साइटवर, हजारांनी. तोंडाने फाटका, पण मनाचा चांगला. काकांना काही अडलं की त्यालाच गाठायचे. त्याने ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. त्याचं म्हणणं, काका, मागतंय कोण? त्या एका बाईंना द्या आणि गप बसा. काका गप बसणार नाहीत हे दिसल्यावर मग त्याने त्यांना सगळी मेख समजावून सांगितली.

मेख अशी. गिऱ्हाईक जे काही भरतं, बटणाचे आणि टपालाचे मिळून, त्या सगळ्यावर साइट आधी आपलं कमिशन कापून घेते आणि उरलेलं काकांना देते. आता काकांनी जादा टपालाचे पैसे परत केले, तर ते पूर्ण त्यांच्या खिशातून जाणार. साइटने त्या पैशांवर कापलेलं कमिशन साइटकडेच राहणार. वर प्रत्येक परतीवर वेगळं शुल्क. म्हणजे जे काकांना कधी मिळालंच नाही, तेही काकांनीच द्यायचं. यातून सुटायची वाट एकच होती. पैसे परत करताना साइट कारण विचारते. तिथे "ग्राहकाच्या विनंतीवरून" निवडलं तर कमिशनही परत मिळतं आणि शुल्कही लागत नाही. "विक्रेत्याची चूक" निवडलं तर दोन्ही गेलं.

काकांनी विचारलं, "म्हणजे खोटं सांगितलं तर पैसे परत, आणि खरं सांगितलं तर दंड?"

"दंड नाही म्हणत ते," कव्हरवाला म्हणाला. "सेवाशुल्क म्हणतात."

काकांचं म्हणणं सरळ होतं. विनंती कुणी केलीच नाही. त्या बाईंनीसुद्धा नुसतं विचारलं. मग ज्यांना पत्ताही नाही त्यांच्या नावावर विनंती कशी घालायची? चूक आपली, तर पदरचे गेले तरी चालतील. कव्हरवाल्याने हात टेकले. फक्त जाता जाता म्हणाला, की करायचंच असेल तर रोज दोन-तीन करा, एकदम करू नका, त्या सिस्टिमला एकदम काही झालेलं आवडत नाही. काकांना वाटलं, तो त्यांच्या खिशाची काळजी करतोय. आणि तिकडे वर काकूंनी "आजच" म्हटलेलं. आता कुणाही शहाण्या माणसाने कव्हरवाल्याला थांबवून विचारलं असतं, का रे बाबा, आवडत नाही म्हणजे काय होतं? काकांनी नाही विचारलं. सज्जन माणसांना ही एक खोडच असते, त्यांना वाटतं आपण चांगलं काम करतोय म्हणजे वाट आपोआप मोकळी.

वर येऊन त्यांनी काकूंची खुर्ची टेबलाशी ओढली. काका एकेक ऑर्डर उघडायचे, रक्कम घालायचे, कारणाच्या यादीत खाली जाऊन "विक्रेत्याची चूक" निवडायचे, आणि शेवटचं "पक्कं करा" काकूंनी डाव्या हाताच्या बोटाने दाबायचं. हाताला तेवढाच व्यायाम. मधूनच काकू स्वतःहून म्हणायच्या, "पुढचं." उन्हं उतरायच्या आत सगळं संपलं. काकांचे बरेच पैसे गेले होते, पण त्या दिवशी दोघं जेवायला बसली ती एखादं कार्य उरकल्यासारखी. काकूंनी भात पुन्हा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी लोकांचे निरोप आले. नाटकवाल्या बाईंनी आभार मानले. काहींनी अंगठा दाखवला. एकाने लिहिलं, की ही फसवणुकीची नवीन तऱ्हा मला माहीत आहे, मी तक्रार केली आहे. एका बाईने एकच तारा दिला आणि खाली लिहिलं, पैसे का परत आले समजलं नाही. काकांनी ते काकूंना वाचून दाखवलं आणि दोघं हसली. हसण्यासारखंच होतं ते, तेव्हा.

मग दोन दिवसांनी सकाळी काकांनी दुकान उघडायला घेतलं, तर पानावर आडवी लाल पट्टी. आपलं दुकान तपासणीसाठी थांबवण्यात आलं आहे. खाली कारणं होती. विक्रेत्याच्या चुकीमुळे बिघडलेल्या ऑर्डरींचं प्रमाण मर्यादेबाहेर. पैसे परत करण्याचा संशयास्पद प्रकार. ग्राहकाची तक्रार. तोवर जमा असलेले पैसेही अडकवून ठेवले होते.

काकांना आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी चुकून आपल्याकडे आलं. तीनदा वाचलं तेव्हा दुकानाचं नाव आपलंच आहे हे पटलं. मागे काकू वेणी घालून, ताटली पुसून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आलं?"

"साइट बंद आहे आज," काका म्हणाले. "दुरुस्ती चाललीय."

खरं सांगायचं तर कोणत्या तोंडाने सांगायचं? देऊन टाका म्हणाली ती. आजच म्हणाली ती. आणि प्रत्येक वेळी बोटही तिचंच होतं. कधी नव्हे ते ती तीन वाक्यं धड बोलली, आणि त्या वाक्यांनीच घर बुडालं, हे नवऱ्याने बायकोला सांगायचं? काकांनी ते शब्द गिळले ते कायमचे.

काका खाली जिन्यात जाऊन मदतीच्या नंबरावर फोन लावायचे, वर ऐकू जाऊ नये म्हणून. बराच वेळ वाजंत्री वाजायची, मग कुणी मुलगी यायची. प्रत्येक वेळी नवी. एकीने मात्र खरंच शांतपणे ऐकून घेतलं, काकांना मध्ये तोडलं नाही. मग ती म्हणाली, "पण सर, कारण आम्ही नाही लिहिलेलं. तुम्हीच निवडलंय."

"हो. कारण चूक माझीच होती."

"मग सर, सिस्टिम तेच म्हणतेय."

मुलगी वाईट नव्हती. तिने त्यांना अर्जाचं पान कुठे आहे ते समजावून सांगितलं आणि काळजी घ्या म्हणाली.

अर्जात विचारलं होतं, आपण काय चूक केली आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून काय कराल? काकांनी दुपारभर बसून खरं खरं लिहिलं. चौकट सुटली, त्यामुळे लोकांना जास्त पैसे पडले, ते मी परत केले, परत करण्यात माझी काही चूक झाली असं मला वाटत नाही. पाठवलं आणि चहा टाकायला उठले. आधण यायच्या आत उत्तर आलं होतं, अर्ज नामंजूर. कुणी वाचला असेल अशी शंका घ्यायलाही जागा नव्हती.

कव्हरवाला भडकला. त्याचं म्हणणं, तुम्हाला तिथे स्वाभिमान दाखवायला बोलावलं होतं का? त्याच्याकडे माफीचा ठरीव मजकूर होता, दोनदा त्याचं स्वतःचं दुकान त्या मजकुरामुळेच वाचलं होतं. मी गैरप्रकारे पैसे परत केले, मला नियमांची जाण नव्हती, यापुढे असं करणार नाही. काकांनी तो वाचला. वडिलांच्या दुकानाचं रोज रात्री ओढलं जाणारं ते शटर त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. पण वर काकू चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. काकांनी मजकूर जसाच्या तसा उतरवला, यापुढे कुणाचे पैसे असे परत करणार नाही, आणि खाली स्वतःचं नाव घातलं. ते नाव टंकताना त्यांना स्वतःचीच शरम वाटली, अगदी कानशिलं तापली. पण घातलं. अशा वेळी माणूस कोणापुढेही वाकतो, आणि काका तर वाकून वाकून जमिनीलाच लागले होते.

त्याचंही उत्तर आलं. अर्ज नामंजूर, निर्णय अंतिम, या विषयावर पुढील पत्रव्यवहार केला जाणार नाही. लाल पट्टी जाऊन पान कोरं झालं. इतक्या वर्षांची लोकांनी लिहिलेली बरी वाक्यं, ते तारे, सगळं त्या पानाबरोबर गेलं.

हातपाय मारायचे ते काकांनी मारले. काकूंच्या नावाने नवं दुकान उघडायला गेले, तर पत्ता तोच म्हणून साइटने उंबऱ्यातूनच हाकललं. कव्हरवाल्याने आपण होऊन काकांची बटणं आपल्या दुकानात चढवली. मोबाइलच्या कव्हरांत बटणं शोधायला कोण येणार, पण दोन ऑर्डरी आल्या. त्या दोन दिवशी काकू उठल्या, जेवल्या. मग एके संध्याकाळी कव्हरवाला वर आला आणि दारातच घुटमळला. त्यालाही ताकीद आली होती, बंद केलेल्या विक्रेत्याचा माल आपल्या दुकानातून विकला जात आहे. त्याची दोन लहान मुलं, म्हातारी आई, सगळं त्या कव्हरांवर.

काकाच म्हणाले, "काढून टाक रे. तुझं चालायला हवं."

तो गेला. त्यानंतर जिन्यात भेटला की तो मोबाइल कानाला लावतो, समोर कुणी बोलत नसलं तरी. काकांना कळतं. राग येत नाही त्यांना, पण वाईट वाटतं.

कपड्यांच्या मोठ्या दुकानांत काका नमुने घेऊन फिरले. तिथल्या पोरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आमचे कपडे बटणांसकट येतात म्हणून सांगितलं. एक जुन्या मालाचा व्यापारी भेटला, तो सगळी खोकी वजनावर न्यायला तयार होता. शिंगाचं आणि शिंपल्याचं एकच वजन, एकच भाव. काका हो म्हणालेही असते. पण आतली खोली रिकामी झाली की काकूंना काय सांगायचं? दुरुस्ती चाललीय म्हणून किती दिवस रेटायचं? एव्हाना काकूंनी "आलं?" विचारणंही सोडलं होतं. वेणी नको म्हणायच्या. दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. बोलायला लागलेले शब्द पुन्हा सांडायला लागले, एकदा त्यांनी पाणी मागायला "जिना, जिना" म्हटलं आणि मग तोंडावर चादर ओढली. डॉक्टरांनी घरी येऊन तपासलं आणि काकांनाच विचारलं, ते बटणांचं काम बंद केलंत का?

त्या दिवशी औषधं घेऊन परत येताना काका वाटेत छपाईच्या दुकानात थांबले. गिऱ्हाइकांनी आजवर पाठवलेले जुने फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये होते. त्यांतला एक त्यांनी छापून घेतला. गडद तांबड्या कोटाचा, वरून तिसरं बटण नसलेला.

सकाळी त्यांनी आवाजात जमेल तेवढा उत्साह आणला आणि म्हणाले, "अगं ऊठ, झाली बाई एकदाची साइट चालू. ऑर्डर आलीय."

काकू वळल्या. काकांनी त्यांना आधार देऊन खिडकीपाशी बसवलं, ताटली पुसून ठेवली, फोटो हातात दिला. काकूंनी तो उजेडात धरला. बराच वेळ पाहिलं. बटण निवडायला त्यांना इतका वेळ कधी लागत नसे.

"हिला दिलंय," त्या म्हणाल्या. "मागे. दिलंय आपण."

एवढ्या वर्षांत किती कोट, किती स्वेटर, आणि हिने हाच ओळखावा? सगळं सांगून टाकावं असं एकदम त्यांच्या मनात आलं. अगदी ओठांपर्यंत आलं.

"परत हरवलं असेल," ते म्हणाले.

काकूंनी फोटोवरची नजर काढली आणि काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दोन तपकिरी रंगांतला एक निवडायचा असला की त्या बघत, तसंच पाहिलं. काकांनी खोक्यांकडे मान वळवली.

"गबाळी दिसते बाई," काकू म्हणाल्या, आणि खोक्यासाठी डावा हात पुढे केला.

काकांनी खोकी आणून दिली. काकूंनी तिसऱ्या खोक्यात बोट घातलं, एक बटण काढून ताटलीत ठेवलं, फोटोशी धरलं, मान हलवली. नेहमीसारखंच सगळं. काकांनी पाकीट घेतलं, बटण कागदात गुंडाळून आत घातलं, वर त्या कोटवाल्या बाईंचा जुना पत्ता लिहिला आणि पायात चपला सरकवल्या. टपाल कचेरीपर्यंत जायचं, कोपऱ्यावर थोडं थांबायचं, पाकीट खिशात घालून परत यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

ते दारापाशी पोचले तेव्हा काकू मागून म्हणाल्या, "टाकू नका ते. पोस्टात. तिकीट जाईल उगाच."

काका तसेच उभे राहिले, कडीवर हात ठेवून. मागे वळून बघायचा त्यांना धीर होईना.

काकूंना पुढचं वाक्य जमायला वेळ लागला. शब्द एकेक शोधून, जागेवर ठेवून त्या बोलल्या, "उद्या दुसरा द्या. जरा अवघड द्या."

काकांनी चपला काढल्या. खुर्चीवर बसून मोबाइल उघडला आणि जुने फोटो एकेक करून बघायला लागले, काकूंना चटकन ओळखता येणार नाही असा एखादा. अवघड असे फार नव्हते.